दर्शनी भिंत

भीमाप्पानं छिन्नी लावली ती बरोबर शेवाळाच्या पट्ट्यावर. दुसऱ्या घावाला सिमेंटचं ताटाएवढं ठिगळ सुटून खाली पडलं आणि मागची वीट उघडी झाली. मे महिन्यातल्या अकराच्या उन्हात ती वीट काळपट आणि ओली होती.

"बघा," तो म्हणाला. विटेवरून बोट फिरवून त्यानं ते रक्षासमोर धरलं. बोटाला लाल चिखल लागला होता.

रक्षानं आपला तळवा विटेवर टेकला. गार लागलं. या विटेच्या पलीकडे, नऊ इंचांवर, आईची खाट होती.

वडगावातल्या विणकरांच्या गल्लीतलं हे घर तिच्या आजोबांनी बांधलं होतं. चुन्यात रचलेली पक्की वीट, रस्त्याला समोर तोंड, दोन दारं. आजोबांमागं दोन भावांत वाटणी झाली. उजवं दार थोरल्याचं, म्हणजे रक्षाच्या वडलांचं, आणि डावं धाकट्या अंबाजीअण्णांचं. आत आडवी भिंत पडली, पण रस्त्याकडची भिंत एकसंधच राहिली. तिच्यावर हद्द होती ती फक्त रंगाची. अण्णांची बाजू दर दिवाळीला पिस्ता किंवा गुलाबी व्हायची; रंगारी बरोबर मध्यावर, कधी कधी विटेच्या अर्ध्यावर, ब्रश थांबवायचा.

आणि त्याच मध्यावरून अण्णांच्या वरच्या न्हाणीचा पाइप खाली आला होता. रक्षाचे वडील गेले त्या वर्षी अण्णांनी माडी चढवली, तेव्हाचा. त्याचा सांधा पहिल्या पावसाळ्यातच सुटला. पाणी आईच्या बाजूला झिरपायचं. आई सत्यवती दारात उभी राहून सांगायची, "भावजी, तेवढं पाइपाचं बघा की." अण्णा म्हणायचे, "पावसाळा संपू दे." पावसाळा संपला की म्हणायचे, "आता कोरडंच हाय की सगळं." पाणी अकरा वर्षं झिरपत राहिलं. बोलणं तर वर्षभरातच बंद झालं. अण्णांनी आपल्या घरात सांगून टाकलं की थोरल्या घरची पायरी कुणी चढायची न्हाय. पाइप तेवढा बोलत राहिला, थेंब थेंब.

रक्षा निपाणीला एका कॉलेजात ग्रंथपाल होती. शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळच्या बसनं परत जायची. पाइपासाठी मी माणूस आणते, असं ती म्हणाली की आई हात धरायची. "त्यांच्या भिंतीवर हाय ते. भांडू नको गं. मला न्हाय तरास." आणि खोकायची.

माघात आई गेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "घरात ओल आहे का?"

तेराव्याच्या आदल्या दिवशी दारात मांडव घातला, तर पाइपातलं पाणी कापडावर ठिबकायला लागलं. पाहुणे काय म्हणतील म्हणून अण्णांनी दुपारीच माणूस बोलावला आणि पाइप बदलून घेतला. रक्षा उंबऱ्यात बसून होती. तिनं घड्याळ बघितलं होतं. पन्नास मिनिटं लागली.

त्या पन्नास मिनिटांनंतर ती रडली नव्हती.

"अकरा वर्साचं पाणी हाय," भीमाप्पा छिन्नी पुसत म्हणाला. तो कंग्राळीचा. चुन्याचं काम येणारे आता चार-दोनच उरलेत, त्यातला एक. "एका उन्हाळ्यात वाळायचं न्हाय. मधोमध मुरलंय, तुमच्या अंगाला तेवढंच त्यांच्या अंगाला. आपण काय करायचं, सिमेंट सगळं काढायचं. विटांमधल्या दरजा खरवडून चुन्यानं भरायच्या. सुरखी म्हंजे विटेची भुकटी, चुना, गुळाचं पाणी, हिरडा. आणि वीट उघडी सोडायची. दोन वर्सांत आपली आपण वाळंल."

"आणि सिमेंटच केलं तर?"

"तर पाणी कोंडतंय. भायेर यायची वाट बंद झाली की ते आत जातंय. पाण्याला काय, कुठंतरी जायाच पायजे." तो हसला. "आमचं भीमरत्न इंजिनेर हाय. त्याला सांगून दमलो. म्हणतोय, बाबा, तुमचं चुन्याचं दिवस गेलं. म्हटलं, गेलं तर गेलं, भिंतींस्नी न्हाय कळलं अजून."

दुपारी पाणी प्यायला तो आत आला. आईची खाट अजून तिथंच होती, भिंतीला चिकटून. गादी तेवढी रक्षानं काढली होती. उशाशी कोनाड्यात मागावर आडवं सूत फेकायचा एक जुना धोटा होता, सागवानी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं. खड्डामाग मोडीत काढला तेव्हा आईनं तेवढाच ठेवून घेतला होता. रक्षाला वाटायचं, आठवण म्हणून.

भीमाप्पा तांब्या खाली ठेवून भिंतीशी वाकला. खाटेच्या बरोबरीनं, हात पोचेल अशा उंचीवर, गिलाव्यात एक खळगा पडला होता. सुपारीएवढा.

"हितं खिळा हुता काय?"

"नाही. ओलीनं पोपडा गेला असेल."

"पोपडा असा गोल जात न्हाय," तो खळग्यात बोट घालत म्हणाला. "घासून घासून झाल्यागत हाय."

"भरून टाका," रक्षा म्हणाली.

त्यानं भरून टाकला.

*

पंधरा दिवसांत उजवी बाजू उजळली. वर्षानुवर्षांच्या सफेदीखालून आजोबांची वीट बाहेर आली, गव्हाळ लाल, कडा अजून तीक्ष्ण. मधल्या दरजा पांढुरक्या रेघांसारख्या सरळ. खिडकीवरच्या कमानीत विटा उभ्या लावून केलेली नक्षी होती, ती तर रक्षानंही आयुष्यात पहिल्यांदा बघितली. गल्लीतली माणसं येता-जाता थांबू लागली. शेजारच्या मागावरची भावकूची बायको म्हणाली, "सत्याक्का बघायला पायजे हुती."

रक्षानं मान हलवली. ती हे आईला दाखवायला करत नव्हती. ते तिला पक्कं ठाऊक होतं. शेजारची गुलाबी बाजू आता किती मळकट दिसते, बुडाशी रंग कसा फुगलाय, हे रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावं, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत इथंच राहून ती रोज सकाळी आपल्या बाजूवरची धूळ फडक्यानं झटकत होती. अण्णा पेपर घेऊन पायरीवर बसायचे ते आता बसेनासे झाले. तेवढ्यानं तिचं भागत नव्हतं.

एका सकाळी अण्णांचा साईनाथ आला. चपला रस्त्यावरच ठेवून तिच्या पायरीपाशी, पायरीवर न चढता, उभा राहिला. चुलत भाऊ, तिच्याहून तीन वर्षांनी लहान. लहानपणी दोघं याच पायरीवर बसून आजोबांच्या मागाला सुताच्या कांड्या भरायची.

"आक्का, लई भारी झालं गं तुझं. बाबा दोन दिस झालं गप बसल्यात."

"असं?"

"आमच्या पोरीचं, करिष्माचं ठरलंय, कळलं असंल तुला. इचलकरंजीची माणसं हायत. जूनच्या पयल्या आठवड्यात साखरपुडा." त्यानं मोबाइल पुढं केला. "बाबा म्हणत्यात, त्याच्या आधी फ्रंट करून घेऊ. हे बघ. सिमेंट मारायचं, वर टाइल. खालपासनं वरपर्यंत. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, आठ दिवसांत उडवतो."

फोटोत एक राखाडी, चकचकीत घर होतं. काचेसारखं.

"तू लई वाचतीस, म्हणून इचारलं. हे करावं, का तुझ्यागत चुन्याचं करावं? त्याला येळ लागतोय म्हणं."

मागं भीमाप्पा चुना कालवत होता. त्याच्या फावड्याचा आवाज थांबला.

रक्षानं मोबाइल हातात घेतला. फोटो मोठा करून बघितला, जणू काही टाइलच्या सांध्यांत तिला काही वाचायचं होतं. तिच्या डोळ्यांसमोर अण्णांची पुढची खोली आली. याच भिंतीला लागून त्यांची आरामखुर्ची, शेजारी रेडिओ. पावसाळ्यात भिंतीतून पाणी सुटेल. गिलावा फुगेल. रेडिओमागं बुरशी चढेल, पहिल्यांदा काळे ठिपके, मग सगळीकडे. रात्री श्वास जड होईल. ते उठून बसतील, छातीवर हात ठेवून.

"टाइल लाव," ती म्हणाली. "छान दिसेल."

"व्हय ना? मलाबी तेच वाटत हुतं."

"वरपर्यंत लाव. मध्ये सोडू नकोस. नाहीतर ठिगळ दिसतं."

साईनाथ खूश होऊन गेला. जाताना म्हणाला, "आई इचारत हुती तुला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं तिला भायेर पडाय येत न्हाय."

आई म्हणजे गुणाकाकू. रक्षानं नुसतं "हं" केलं.

भीमाप्पाचं फावडं अजून थांबलेलंच होतं.

"सांगितलं न्हाईसा त्यास्नी," तो म्हणाला.

"त्यांनी टाइलचं विचारलं. मी टाइलचं सांगितलं."

भीमाप्पानं चुन्याच्या ढिगाला मधे आळं केलं, त्यात गुळाचं पाणी ओतलं.  मग खाली बघतच म्हणाला, "माझं काम तुमच्या बाजूचं. त्या बाजूला मी बोलाय जात न्हाय, अन् मी बोलल्यालं त्यास्नी चालायचंबी न्हाय. पर बाई, भिंत एकच हाय."

"माहीत आहे मला," रक्षा म्हणाली.

*

साखरपुड्याच्या दिवशी डावी बाजू आरशासारखी झळकत होती. टाइलवर ऊन पडून समोरच्या घरांच्या खिडक्यांत कवडसे गेले होते. पाहुणे गाड्यांतून उतरले की आधी तिथं उभं राहून फोटो काढत. अण्णा फेटा बांधून दारात उभे होते. सत्तरी उलटली होती तरी पाठ ताठ. प्रत्येक पाहुण्याला आत नेण्याआधी ते भिंतीवर हात फिरवून दाखवत. "इटालियन डिझाईन. पाणी पडलं तरी डाग न्हाय धरत."

करिष्मा स्वतः बोलवायला आली होती म्हणून रक्षा गेली. दारापाशी नवऱ्याकडची एक जाडसर, ठसठशीत कुंकू लावलेली बाई उजव्या बाजूकडे बघत होती.

"ह्यांचा गिलावा व्हायचाय वाटतं अजून?"

"थोरल्या घरचं हाय ते," अण्णा म्हणाले. त्यांनी रक्षाला बघितलं होतं. "काम अर्धंच ठेवलंय. कोण बघणार? माणूसच न्हाय ऱ्हायलं तिकडं."

बाई "अगंबाई" म्हणाली. रक्षा तिच्याकडे बघून हसली. मग अण्णांकडे बघूनही हसली, इतकं छान की त्यांनी क्षणभर फेटा सारखा केला. या माणसानं आपल्या हातानं घराला झाकण लावून घेतलंय आणि वर त्यावर हात फिरवतोय. तिनं पेढा घेतला. पुरा खाल्ला.

आत गर्दी होती, ती लगेच निघाली. रस्त्यावर आल्यावर तिला पुढच्या खोलीच्या खिडकीत गुणाकाकू दिसली, खुर्चीत, जरीच्या साडीत. काकूनं तिच्याकडे बघून हात वर केला, छातीपर्यंत, आणि कुणी हाक मारली म्हणून मागं वळून खाली घेतला. अकरा वर्षांत ही बाई एकदा दारात आली नव्हती. आई गेली तेव्हा आली, पदरानं तोंड झाकून, शेवटच्या रांगेत बसली आणि न बोलता गेली. रक्षानं उत्तरादाखल हात केला नाही.

*

जूनच्या अखेरीस पावसानं जोर धरला. रक्षा दर शनिवारी यायची. छत्री मिटायच्या आधी डाव्या बाजूच्या टाइलवर तळवा ठेवायची. टाइल कोरडी, गुळगुळीत. दुसऱ्या शनिवारी सांध्यांत पांढरा लोणा दिसला, मिठाच्या कडांसारखा. तिसऱ्या शनिवारी खालच्या ओळीत टिचकी मारली तर पोकळ वाजलं. ती घरात जाऊन खुर्चीवर बसायची, पुस्तक उघडायची आणि वाचायची नाही. पलीकडे काही ऐकू येतं का, याकडे तिचा कान असायचा.

चौथ्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला पलीकडून खोकला ऐकू आला. कोरडा, लांबलेला, शेवटी शिट्टीसारखा. तिला तो पाठ होता. आईचाही असाच संपायचा. ती पुस्तक मिटून ताठ बसली. खोकला थांबला, परत सुरू झाला. तिनं हातांची घडी घातली आणि तो पूर्ण ऐकला.

पाच मिनिटांत दार वाजलं.

अंबाजीअण्णा उभे होते. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. शेजारच्या दारातून या दारात यायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. ते आत आले नाहीत. तिनंही बोलावलं नाही.

"भिंत आतनं गळाय लागलीया," ते म्हणाले. "गिलावा सुटलाय. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत न्हाय. तुझा तो भीमाप्पा हाय नव्हं? त्याला जरा बोलीव. आतनं कायतरी मारू दे. वॉटरप्रूफ का काय असतंय ते."

"आतून काही मारून होत नाही, अण्णा."

"मग काय करायचं?"

हे वाक्य तिनं पाच महिने तोंडात धरून ठेवलं होतं. बसमध्ये, पुस्तकांच्या कपाटांमधून फिरताना, भाजी चिरताना. कधी मोठ्यानं, कधी हळू. प्रत्यक्षात ते अगदी साध्या आवाजात निघालं.

"पावसाळा संपू दे."

अण्णांनी मान वर केली. पोत्याच्या कडेवरून पाणी त्यांच्या भुवयांवर ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. त्यांना कळलं होतं. तिनं त्यांच्या तोंडावर ते कळणं येताना बघितलं, सावकाश, भिंतीतून ओल येते तसं. ते वळून आपल्या दाराकडे गेले.

रक्षानं दार लावलं. तिला भूक लागली होती. कित्येक महिन्यांत अशी भूक लागली नव्हती. तिनं चहा टाकला. दूध उतू जाईस्तोवर तिला आपण हसतोय हे कळलं नाही.

चहा घेऊन ती खाटेच्या कडेवर बसली, तेव्हा भिंतीतून आवाज आला.

ठक, ठक.

दोन ठोके. मग खोकला. मग परत दोन ठोके, थकलेले. ती भिंतीकडे बघत राहिली. रस्त्याकडच्या एकसंध विटेतूनच पलीकडून येऊन आवाज उमटत होता तो बरोबर भीमाप्पानं भरलेल्या खळग्यापाशी. नवा चुना तिथं अजून जरा पांढरा दिसत होता.

दार परत वाजलं. या वेळी करिष्मा होती, हातात झाकण घातलेली वाटी.

"आत्या, शेंगोळ्या केल्यात. आज्जी म्हणाली, देऊन ये." ती आत येऊन भिंतीकडे बघून थांबली. "ठोकली व्हय तिनं? म्हटलं नको ठोकू, आत्याला काय म्हाईत."

"काय माहीत?"

"ते गं, ठोकायचं." करिष्मानं कोनाड्यातला धोटा उचलला, जणू तो तिथं असणारच. "आज्जीकडं ह्याचा जोडीचा हाय. सकाळी आज्जी दोन ठोके द्यायची, उठलीस का म्हणून. हिकडनं थोरली आज्जी दोन द्यायची. मग दोघी च्या प्यायच्या, आपापल्या बाजूला बसून. रात्री झोपताना एक. तू आलीस की बंद. आजोबांस्नी म्हाईत न्हवतं. बोलायचं न्हाय म्हटलेलं ना त्यांनी. तर ह्या बोलायच्या न्हाईत." ती हसली. "आम्ही बारकी असताना आम्हाला वाटायचं, भिंतीत उंदीर हाय."

रक्षानं वाटी हातात घेतली. गरम होती.

"काकू पुढच्या खोलीत कशी? तिथं तर अण्णांची खुर्ची असते."

"खुर्ची दिवसा. पलंग तिचाच हाय तिथं, ह्याच रस्त्याकडच्या भिंतीला. कित्ती वर्सं झाली. आता तर ऑपरेशनपासनं चोवीस तास तिथंच. भिंत एवढी भिजली, बाबा म्हणाले पलंग मागच्या खोलीत नेऊ या, तर हलवू देत न्हाय. छातीत घरघर कराय लागलंय तिचं. ऐकतच न्हाय कुणाचं."

पलीकडून खोकला आला. करिष्मानं जिभेनं 'च्यक' केलं आणि निघून गेली.

चहावर साय धरली. रक्षानं धोटा हातात घेतला. त्याचं एक टोपण लखलखीत होतं, दुसरं गंजलेलं. तिनं लखलखीत टोक त्या पांढऱ्या चुन्यावर ठेवलं. ठोकला नाही. शेवटच्या आठवड्यात आई अंथरुणातून हात वर उचलून भिंतीकडे न्यायची आणि रक्षा तो हात धरून परत पांघरुणात घालायची. ओली आहे गं भिंत, नको लावू हात. किती वेळा घातला होता?

तिनं धोटा मांडीवर ठेवला आणि फोन उचलला.

"भीमाप्पा, ताडपत्री आहे तुमच्याकडे? आणि छिन्नी घेऊन या. उद्या सकाळी."

"असल्या पावसात? काय काढायचंय?"

"टाइल."



"त्यांनी सांगितलंय?"

"मी सांगतेय."

*

रविवारी सकाळी आठला भीमाप्पानं डाव्या बाजूवर ताडपत्री बांधली. गल्ली गोळा झाली. भावकूनं माग बंद ठेवला. साईनाथ बनियनवर बाहेर आला, त्याच्या मागून अण्णा.

"हे काय चाललंय?"

"टाइल काढायच्या," रक्षा म्हणाली. "आतलं पाणी बाहेर यायला पाहिजे. दुसरा उपाय नाही."

"अगं दोन म्हैने न्हाय झालं लावून!" अण्णांनी भिंतीला पाठ लावली, दोन्ही हात पसरले. "आज दुपारी इचलकरंजीची माणसं येणार हायत, तारीख काढायला. हे असं फोडल्यालं घर दावू त्यास्नी?"

आतून खोकला आला. सगळ्यांनी ऐकला. अण्णांनीही.

"औषध चाललंय तिचं," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "एवढं काय न्हाय. पावसाळा तरी संपू दे, रक्षा."

 ताडपत्रीवर पाणी तडतडत होतं. आपण काय बोललो हे अण्णांना बोलून झाल्यावर ऐकू आलं असावं. त्यांनी पसरलेले हात हळूहळू खाली घेतले.

साईनाथ तिच्याजवळ आला. "आक्का, तूच म्हणालीस की टाइल लाव म्हणून."

"होय. मीच म्हणाले."

"मग?"

"मला माहीत होतं काय होईल ते. भीमाप्पांनी सांगितलं होतं. मला वाटलं तिथं अण्णा झोपतात."

साईनाथ तिच्याकडे बघतच राहिला.   एक पाऊल मागं सरकला, पायरीला अडखळला आणि तिथंच बसला. अण्णा बाजूला झाले. कशानं झाले, तिनं सांगितलं त्यानं की आपण बोललो त्यानं, ते तिला कळलं नाही आणि तिनं कळून घेतलंही नाही.

"कुठनं सुरू करू?" भीमाप्पानं विचारलं.

तिनं भिंतीच्या कडेनं काकूच्या पलंगाचा अदमास घेतला. खिडकीपासून दीड हात, जमिनीपासून कमरेएवढं. चकचकीत टाइलवर तळवा ठेवला. "इथून."

पहिली टाइल फुटली तेव्हा खळ्ळ असा आवाज झाला आणि गल्लीतलं कुणीतरी हळहळलं. रक्षाला तो आवाज आवडला. दुसऱ्या टाइलचाही आवडला. तिनं अण्णांकडे बघितलं. प्रत्येक घावाला त्यांचे डोळे मिटत होते, आणि तेही तिनं नीट बघून घेतलं.

भीमाप्पानं सिमेंटचा थर काढला. मागून वीट आली, काळी, आणि तिच्या सांध्यातून पाण्याची एक बारीक धार निघून त्याच्या मनगटावर आली.

"आलं," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

रक्षानं पिशवीतून धोटा काढला. लखलखीत टोक विटेवर धरून दोन ठोके दिले. ओल्या विटेत आवाज जात नव्हता, म्हणून पुन्हा दिले, जरा जोरात.

आत खोकला सुरू झाला. ती विटेला धोटा टेकवून उभी राहिली, खोकला थांबण्याची वाट बघत.